काटा कोण तपासणार?

आमच्या शिरोळ तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पारावर दोनच विषय असतात. एक दराचा आणि दुसरा काट्याचा. दराची भांडणे वर्तमानपत्रात येतात, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत त्यावर भाषणे होतात. काट्याची भांडणे तेवढ्या मोठ्याने होत नाहीत, परंतु ती मनात जास्त खोल जाऊन बसतात. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, खोलीतल्या यंत्रावर लाल आकडे उमटतात, खिडकीतून एक चिठ्ठी बाहेर येते आणि वर्ष-दीड वर्षाच्या कष्टाचे वजन ठरून जाते. 'काटामारी' हा शब्द आमच्याकडे पाचवीतल्या पोरालाही समजतो. म्हणूनच काही शेतकरी आधी रस्त्यावरच्या खाजगी काट्यावर पैसे भरून वजन करून घेतात आणि ती चिठ्ठी खिशात ठेवून मग कारखान्याकडे जातात. आमचे आण्णा त्यांपैकीच. दीड एकराचा ऊस, पण दोन चिठ्ठ्या जुळवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "काटा खोटा हाय आसं म्या म्हनत न्हाई," ते म्हणतात, "पर बघू द्या म्हनतोय नव्हं."

यंदा मीही एका काट्यावर चढले, म्हणून हे सांगते आहे.

आमच्या मराठीच्या पेपरला अंतर्गत मूल्यमापनासाठी एक प्रकल्प असतो. यंदाचा विषय होता 'आपल्या परिसरातील व्यवसायाची शब्दसंपदा'. विषय मला मनापासून आवडला. कुणी गुऱ्हाळाचे शब्द घेतले, कुणी इचलकरंजीच्या मागाचे, कुणी वाडीच्या पेढ्या-बासुंदीच्या दुकानातले. मी पाण्याचे शब्द घेतले. पूर हा काही व्यवसाय नव्हे, असे एक मैत्रीण हसून म्हणाली. पण पंचगंगा आणि कृष्णा यांच्या बेचक्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना पुराचाही धंदाच करावा लागतो. आमच्या आजीकडे पाण्यासाठी इतके शब्द आहेत की मी वहीची अकरा पाने भरली. पाणी 'चढतं', पाणी 'उतरतं', हे सगळ्यांना ठाऊक असते. नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की चढता दक्षिणद्वार, आणि पूर ओसरताना तेच पुन्हा घडले की उतरता दक्षिणद्वार, हेही पुष्कळांना माहीत असेल. परंतु चढणे आणि उतरणे यांच्यामध्ये एक वेळ असते. पाणी वाढत नाही आणि कमीही होत नाही. त्या वेळेला आजी म्हणते, "पाणी थटलं." खालच्या अंगाने फुगवटा आला की "पाणी फुगलं". गढूळ पाण्याचा रंग बदलला की "वरचं पाणी आलं". पूर गेल्यावर मळीच्या जमिनीत जे पेरतात ते गाळपेर. हे सारे शब्द मी अर्थासह लिहिले, आणि सुरुवातीला दोन पानांची प्रस्तावना जोडली. 'प्रस्तुत प्रकल्पात कृष्णा-पंचगंगा संगमाच्या परिसरातील बोलीभाषेचा अभ्यास करण्याचा प्रयत्न केला आहे' अशी तिची सुरुवात होती.

आठ दिवसांनी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावले. त्यांच्या मोबाईलवर एक आकडा होता, ८२ टक्के. म्हणजे माझ्या प्रस्तावनेचा शेकडा ८२ भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला आहे, असे दुसऱ्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेचे म्हणणे होते. सर रागावले नव्हते. त्यांनी फक्त विचारले, "हे तू लिहिलंस का?" मी "हो" म्हणाले. त्यांनी पुन्हा आकड्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशयापेक्षा अडचण जास्त होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. समोर माझा शब्द होता आणि यंत्राचा आकडा होता, आणि आकड्याला दशांश चिन्हही होते. माझ्या शब्दाला ते कोठून असणार?

मी त्या रात्री घरी येऊन ती प्रस्तावना पुन्हा वाचली, आणि मला हसावे की रडावे ते कळेना. यंत्राचे एका अर्थी बरोबर होते. ती माझी भाषा नव्हतीच. आमच्या घरात कुणी 'प्रस्तुत' म्हणत नाही. 'सदर', 'उपरोक्त', 'दृष्टिकोन', 'अनन्यसाधारण महत्त्व' हे शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेले नाहीत. आमच्या घरात 'हाय' आणि 'न्हाई' आहे, 'लई' आहे, 'कवा' आणि 'कुटं' आहे. पाचवीत मी 'आनि' लिहिले की बाई लाल शाईने 'आणि' करीत. आठवीत 'न' आणि 'ण' यांसाठी मी वेगळी वही घातली होती. अकरावीत निबंधाची सुरुवात कशी करावी, समारोप कसा करावा, हे पाठ केले. सात-आठ वर्षे मेहनत करून, स्वतःची जीभ पिरगाळून, मी ही शुद्ध भाषा कमावली. आणि ती नीट कमावली गेली त्या दिवशी यंत्राने सांगितले की ही भाषा माणसाची नव्हे! ज्यांच्या घरात तीन पिढ्या ही भाषा बोलली जाते त्यांच्याही निबंधावर कदाचित हाच आकडा येईल. परंतु त्यांना "हे तू लिहिलंस का?" असे विचारताना कुणालाही दोनदा आकड्याकडे पाहावे लागणार नाही. माझ्याकडे पाहून मात्र प्रश्न पडतो, की ही मुलगी बोलते तर 'आलोया-गेलोया', मग लिहिते कशी 'प्रस्तुत'?

हा प्रकार माझ्या एकटीच्या बाबतीत घडला असता तर मी गप्प बसले असते. पण वाचायला लागले तेव्हा कळले की जगभर हेच चालले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. तेव्हा मी अकरावीत होते. पुढच्याच जानेवारीत त्याच कंपनीने यंत्राचे लेखन ओळखणारे आणखी एक यंत्र काढले. ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी शेकडा २६ च ओळखू शकत होते, आणि माणसाने लिहिलेला शेकडा ९ मजकूर यंत्राच्या नावावर टाकत होते. हे आकडे कंपनीनेच जाहीर केले होते. जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी पडते म्हणून, तिने ते बंदही करून टाकले. ज्यांनी यंत्र बनविले त्यांनाच आपल्या यंत्राची लेखी भाषा ओळखता येईना, तर इतरांचे काय?

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा ७ ओळखयंत्रांची परीक्षा घेतली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे ९१ निबंध त्यांनी त्यांत घातले. हे सर्व निबंध माणसांनी लिहिलेले. तरीही सरासरी शेकडा ६१ निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचेच ठरले. असे का व्हावे? याचे उत्तर वाचून मला माझी प्रस्तावनाच आठवली. ही ओळखयंत्रे मजकुराचा अर्थ पाहत नाहीत. एका शब्दानंतर पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज किती सहज बांधता येतो, एवढेच मुख्यतः ती पाहतात. अंदाज बरोबर येत गेला तर यंत्र, अंदाज चुकत गेला तर माणूस. आता जो परकी भाषा शिकून लिहितो तो जपून लिहितो. ठरलेले शब्द ठरलेल्या जागी ठेवतो, कारण चुकण्याची त्याला भीती असते. 'अनन्यसाधारण' म्हटले की पुढे 'महत्त्व' येणारच. आम्हांला तसेच शिकविले आहे. ते संशोधन इंग्रजीचे आहे हे खरे, पण प्रमाण मराठी ही मला तरी शिकून घ्यावी लागलेली दुसरी भाषाच आहे. 'पाणी थटलं' याचा अंदाज जगातल्या कुठल्याही यंत्राला बांधता आला नसता. माझ्या अकरा पानांना म्हणूनच काही झाले नाही. सापडली ती दोन पाने, मार्कांसाठी सजवलेली.

यावर मुलांनी जो उपाय काढला आहे तो ऐकून प्राध्यापकांना वाईट वाटेल, तरी लिहिते. काहीजण यंत्राकडून प्रकल्प लिहून घेतात आणि मग त्यात आपल्या हाताने चुका पेरतात. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बिघडवायचे, एखादे वाक्य अर्धवट सोडायचे, की काम झाले. यंत्र म्हणते, माणूस! मलाही एका मैत्रिणीने अगदी कळवळ्याने सांगितले, "तू जरा वाईट लिही की गं." मी त्यावर दोन दिवस विचार केला. 'आणि' चे पुन्हा 'आनि' करायचे? ज्या बाईंनी ते लाल शाईने सुधारले त्या आता निवृत्त झाल्या आहेत, पण बाजारात भेटतात.

गेल्या काही वर्षांत असे तंटे न्यायालयापर्यंतही गेले आहेत. हरियाणातील एका विद्यापीठात विधी शाखेच्या विद्यार्थ्याला, त्याचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले आहे असे म्हणून नापास करण्यात आले, तेव्हा त्याने २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठाने पुढे त्याला उत्तीर्ण केले. तो विद्यार्थी कायद्याचा होता, त्याला न्यायालयाचा रस्ता ठाऊक होता. कुरुंदवाडहून जयसिंगपूरला जायचे तरी आम्ही एस्. टी.चे वेळापत्रक पाहतो.

पण मी यंत्राच्या विरुद्ध आहे असा कुणी समज करून घेऊ नये. उलट माझ्यासारख्या मुलीला या यंत्राने जे दिले आहे ते शहरातल्या शिकलेल्या घरातल्या मुलांना कळणेच अवघड आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेले कुणी नाही. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना अर्जावर मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द होते. हे शब्द कुणाला विचारायचे? आण्णांना? वर्गात विचारावे तर सगळे हसतील अशी भीती. वडील शिक्षक असणाऱ्या मुलाला हा प्रश्न जेवताना सुटतो. मी तो रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, मोबाईलमधल्या यंत्राला विचारला. त्याने न हसता सांगितले. मला ते समजले नाही तेव्हा पुन्हा सांगितले, उदाहरण देऊन. चौथ्यांदा विचारले तरी त्याचा आवाज चढला नाही. इंग्रजीच्या पुस्तकातला धडा मी याच पद्धतीने, वाक्य-वाक्य करून समजावून घेतला आहे. खाजगी शिकवणी लावायला पैसे लागतात, आणि बी. ए. ला शिकवणी असते तरी कुठे? विचारायला कुणीतरी असणे ही किती मोठी इस्टेट आहे, ते ज्याच्याकडे नसते त्यालाच कळते.

अर्थात् हा नवा शिक्षकही कधी कधी बेधडक थापा मारतो. एकदा गंमत म्हणून मी त्याला विचारले, कुरुंदवाडची माहिती सांग. त्याने मोठ्या ऐटीत सांगितले की कुरुंदवाड हे रेल्वेचे जंक्शन असून येथून बार्शीला अरुंद रुळांची गाडी जात असे! बिचाऱ्याने आमचे गाव उचलून सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडीला नेऊन ठेवले होते. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली ती तिथून. आमच्या कुरुंदवाडला आजतागायत रेल्वे नाही, आम्हांला गाडी पाहायची तर जयसिंगपूरला जावे लागते. पटवर्धनांचे संस्थान, सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी, मशिदीत बसणारा गणपती, यांपैकी त्याला काहीच सुचले नाही. मी चूक दाखवली तर लगेच क्षमा मागून मोकळा झाला. मी कुरुंदवाडची आहे म्हणून हसले. पण जे मला ठाऊक नाही, त्याविषयी त्याने असेच सांगितले असेल तर? त्या दिवसापासून त्याचे ऐकते, पण दुसरीकडे विचारून घेते. आण्णांच्या दोन चिठ्ठ्यांप्रमाणे.

कचेरीच्या कामाविषयी तर माझे मत आणखी स्पष्ट आहे. तिथे यंत्र यावे, लवकर यावे. आम्हां पूरग्रस्तांइतके कागदाचे भय कुणाला असेल? ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आले तेव्हा आमच्या ट्रंकेतले रेशनकार्ड, जातीचे दाखले, सात-बारा यांचा लगदा झाला. ते पुन्हा मिळवताना आण्णांच्या किती खेपा झाल्या त्याचा हिशेब नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, माझे दहावीचे वर्ष. तेव्हा आईने भांड्यांच्या आधी माझे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डोक्यावर घेतले होते. आज गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये राहते आणि क्रेडिट एका आभासी बँकेत जमा होतात, ही गोष्ट आईला समजावून सांगितली तेव्हा तिने एकच विचारले, "तितं पानी येत न्हाई न्हवं?"

परंतु त्या कचेरीतही एक माणूस लागतोच. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरताना माझ्या आधारवरचे आडनाव आणि दाखल्यावरचे आडनाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली होत्या. तीन वेळा अर्ज परत आला. शेवटी ऑफिसातल्या एका क्लार्कांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तू दत्त गल्लीतल्या तात्यांची नात ना?" मग दुरुस्तीसाठी कोणता कागद कुठे न्यायचा ते त्यांनी पाठकोऱ्या कागदावर क्रमाने लिहून दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेला नियम त्यांच्याहून जास्त पाठ असतील. पण या दोन मुली एकच आहेत हे ओळखून तसे म्हणण्याची जबाबदारी कुणी घ्यायची, हा प्रश्न नियमाचा नव्हे.

परीक्षेच्या बाबतीत तर महाराष्ट्राने एकदा हात पोळून घेतला आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने एकदम सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. त्या सर्व स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी पडद्यावर वाचून गुण द्यायचे. तपासणारी माणसेच होती, बुद्धी कृत्रिम नव्हती. तरीही पुरेशी तयारी न करता यंत्र आणल्यामुळे सगळा गाडा अडकला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, राज्यातील इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली, काही उत्तरपत्रिका सापडेनात. कितीकांचे पुढचे प्रवेश हुकले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, हे त्यांच्यापुरते झाले. ज्या मुलाचे वर्ष गेले त्याचे काय?

इंग्लंडात तर याहून विचित्र घडले. २०२० मध्ये करोनामुळे तेथील बारावीच्या तोडीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या, आणि त्या एका गणिती सूत्रातून गाळून घेण्यात आल्या. त्या सूत्रात विद्यार्थ्याच्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल धरलेले होते. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा जवळजवळ शेकडा ४० श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीपेक्षा खाली आल्या होत्या. लहान वर्ग असतील तिथे शिक्षकांचा शब्द मानला गेला, आणि लहान वर्ग बहुधा महागड्या शाळांत असतात. मुले रस्त्यावर उतरली, १७ ऑगस्टला सरकारने ते सूत्र मागे घेतले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे उद्या माझे गुण मी काय लिहिले यावर नव्हे, तर माझ्या आधी माझ्या बाकावर बसलेल्यांनी काय लिहिले यावर ठरायचे! आमच्या बाकावर आमच्या आधी कुणी बसलेच नव्हते. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरातली ही पहिलीच पिढी. मागचा निकाल काढायचा तर तो आण्णांचा काढावा लागेल, आणि ते सातवी नापास आहेत.

याच भागासाठी १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले. त्याआधी इकडच्या मुलांना पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. (आपल्या अंकातील प्रत्येक लेखात राजर्षी शाहू महाराज आणि कर्मवीर भाऊराव येतात, तसे मीही त्यांचे येथे स्मरण करते. संपादकांना ते गाळता येणार नाही.) विद्यापीठ जवळ आले याचा अर्थ नुसता एस्. टी.चा खर्च वाचला असा नव्हे. ज्यांनी आपला पेपर तपासायचा ती माणसे आपल्या पाण्याची, आपल्या बोलीची झाली, असाही मी त्याचा अर्थ घेते. यंत्राने तपासणी करू नये असे माझे म्हणणे नाही. शंभर वह्यांतून पाठांतर केलेली सारखी उत्तरे शोधायची असतील, गुणांची बेरीज करायची असेल, तर खुशाल करावी. बेरजेत माणसेच जास्त चुकतात. पण कारखान्याचा काटा वर्षातून एकदा तरी सरकारच्या वैधमापन खात्याचा निरीक्षक येऊन तपासतो, त्यावर शिक्का मारतो. शेतकऱ्याला संशय आला तर तक्रार करायला एक कचेरी आहे. उसाच्या मोळीला जेवढा कायदा आहे तेवढा तरी आमच्या निबंधाला असावा. ८२ हा आकडा ज्या यंत्राने दिला त्यावर कुणाचा शिक्का होता? ते कुठल्या भाषेवर तयार झाले, मराठीत किती वेळा चुकते, हे सरांना ठाऊक नव्हते, मला ठाऊक नव्हते, आणि मोबाईलवर कुठेही लिहिलेले नव्हते.

आता सरांविषयी. त्यांचे नाव मी घेत नाही, वर्गातल्या सर्वांना ते कळेलच. सर तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास शिकवतील तितक्या तासांचा मोबदला, सुट्टीचा नाही, वह्या तपासण्याचा तर नाहीच. सकाळी एका कॉलेजवर आणि दुपारी दुसऱ्या, अशी त्यांची धावपळ असते. अशा माणसाच्या हातात दोन मिनिटांत वही तपासून देणारे यंत्र आले तर त्याने ते का वापरू नये? मला त्यांचा राग आला नाही, तो याच कारणाने. यंत्र आले ते प्राध्यापक आळशी झाले म्हणून नव्हे. जागा रिकाम्या राहिल्या, त्या रिकाम्या जागेत यंत्र येऊन बसले. भीती एवढीच वाटते की यंत्र बसले आहे म्हणून ती जागा आता भरायचीच नाही, असे उद्या कुणी ठरवील.

मी सरांना दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणाले, "सर, मला तोंडी विचारा." त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, पहिला प्रश्न केला, "थटलं आणि थांबलं यात फरक काय?" मी म्हणाले, "थांबलेलं आपण होऊन थांबतं. थटलेल्याला कुणीतरी अडवलेलं असतं, ते कधीही पुन्हा सुटेल. म्हणून पाणी थटलं की आजी सामान खाली उतरवू देत नाही." सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला सांगितले आणि अर्धा तास विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "प्रस्तावना पुन्हा लिही. यंत्रासाठी नको. मला कंटाळा आला ती वाचून."

त्यानंतर त्यांनी सगळ्या वर्गाचीच तोंडी परीक्षा घ्यायचे ठरविले. वर्गात आम्ही चौसष्ट जण. प्रत्येकी दहा मिनिटे धरली तरी दहा तास चाळीस मिनिटे होतात, हे फळ्यावर कुणीतरी मांडूनही दाखविले. सर म्हणाले, होऊ देत. चार दिवस तास संपल्यावर ते बसले. काही मुले पहिल्याच प्रश्नाला गप्प झाली. आपल्याच प्रकल्पातला शब्द त्यांना वाचता येईना, ते कुणाला सांगावे लागले नाही. आणि आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. रात्रपाळीला इचलकरंजीत मागावर जातो, वर्गात बहुतेक झोपलेला असतो. त्याचा प्रकल्प चार पानांचा, अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. यंत्राने त्याला अर्थातच माणूस ठरविले होते. त्याला सरांनी विचारले, धोटा म्हणजे काय. तो उठून उभा राहिला आणि हातांनी दाखवू लागला. ताणा कसा उभा असतो, बाणा कसा आडवा जातो, कांडी संपत आली हे न पाहता नुसत्या आवाजावरून कसे कळते, तार तुटली की माग कसा 'रुसतो'. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, त्याआधी त्याचे पणजोबा हातमागावर होते, हेही त्याने सांगितले, जसे काही ते काल घडले. दहा मिनिटांची वीस झाली. सगळे बोलणे त्याच्या घरच्या भाषेत, एकदाही 'प्रस्तुत' नाही. सर लिहून घेत होते. मी पहिल्यांदाच एका प्राध्यापकाला विद्यार्थ्याचे बोलणे उतरवून घेताना पाहिले.

त्याला किती गुण पडले ते मला कळले नाही, त्यानेही विचारले नाही, कारण त्याला पाळी गाठायची होती. चौथ्या दिवशी शेवटचा क्रमांक झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे होते. सरांनी चौसष्ट वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधला आणि ते स्टँडकडे निघाले. या दहा-अकरा तासांचे बिल त्यांना लावता येत नाही, असे नंतर ऑफिसात कळले. पुढच्या वर्षी त्यांचे तास राहतील की नाही, तेही अद्याप ठरलेले नाही.